दहा मुठी उंच

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गेल्या तीस वर्षांत तीनदा वॉटरप्रूफिंग झालं. दर वेळी जुना थर न फोडता त्यावरच विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर चायना मोझॅक. गळती थांबली. कठडा मात्र दर खेपेला चार बोटं खाली बसत गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कठड्याला कुणी हात लावलाच नव्हता. वर आली होती ती जमीन. यंदा संक्रांतीला पोरं पतंग घेऊन चढली तेव्हा दिसलं, आठवीतल्या मुलाच्या मांडीला कठडा लागतो. घरी जाऊन शिवणाची टेप आणली. २७ इंच.

तोरा या आम्हा ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या पाचव्या पुस्तकात, मराठी बायबलात ज्याला ‘अनुवाद’ म्हणतात त्यात, नवं घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा घालायला सांगितलं आहे. नाही घातला आणि कुणी पडलं, तर रक्ताचा दोष त्या घरावर. मोशे बेन मैमोन, आमचा रांबाम, बाराव्या शतकात इजिप्तमध्ये वैद्यकी करता करता धर्मशास्त्राची मोठी संहिता रचून गेला. तिच्यात या कठड्याची उंचीही आहे : दहा टेफाखांहून कमी नको. टेफाख म्हणजे मुठीची रुंदी. शिवाय कठडा असा भक्कम हवा की माणूस टेकला तरी पडू नये. लहानात लहान मूठ धरली तरी दहा मुठी म्हणजे ८० सेंटिमीटर. आमचे २७ इंच साडेअडुसष्ट भरतात.

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासल्या. त्यामुळेही असेल, पण चांगुलपणाला माप लावणारा धर्म मला जवळचा वाटतो. ‘इतरांची काळजी घ्या’ असं म्हटलं की सगळेच माना डोलावतात. दहा मुठी म्हटलं की टेप आणावी लागते.

*

सर्वसाधारण सभा. विषय तिसरा, कठडा. एक गृहस्थ म्हणाले, “काकू, तीस वर्षांत कुणी पडलं का?” दुसरे म्हणाले, “ज्याच्या नशिबात असेल तो जिन्यावरूनही पडेल.” आणि मग नेहमीचा वाद : गच्ची वापरतात वरच्या मजल्यावरचे, मग खर्च सगळ्यांनी का द्यायचा?

यातलं एकही वाक्य नवं नाही. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या धर्मचर्चांच्या ग्रंथात, नशिबाचा मुद्दा दीड हजार वर्षांपूर्वीच चर्चेला येऊन गेला आहे. पडणाऱ्याच्या नशिबी पडणं असेलही, पण ते तुझ्या हातून का घडावं, असा रब्बींचा प्रश्न आहे. दैव मान्य करूनही ते घरमालकाला सोडत नाहीत. भागीदारीतल्या घराबद्दल रांबाम लिहितो की दोघांचं घर असलं तरी कठडा चुकत नाही, कारण शास्त्राने पडणाऱ्याकडे बघितलं आहे, मालक किती आहेत याकडे नाही. आमच्याकडे चोवीस मालक आहेत.

सिनेगॉगला मात्र कठड्याची सक्ती नाही. तिथे कुणी राहत नाही म्हणून. पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरं वाटलं. जिथे माणसं राहतात, पोरं पळतात, वाळवणं घातली जातात, तिथे सगळ्यात जास्त काळजी.

*

तालमूदमध्ये आणखी एक बारीक नियम : घरात चावरं कुत्रं पाळू नये, डगमगती शिडी ठेवू नये. वापरू नये असं नाही म्हटलेलं. ठेवू नये. माळ्यावर चढायची आमची अ‍ॅल्युमिनियमची शिडी दोन वर्षं एका पायाने लंगडी होती. “जपून चढ” असं मी कामाला येणाऱ्या मुलीला दर वेळी सांगत होते आणि सांगितलं म्हणजे माझं काम झालं असं समजत होते. परवा भंगारात दिली.

*

शुक्रवार. सकाळीच काळ्या मनुका भिजत घातल्या. दुपारी त्या कुस्करायच्या, फडक्यातून पिळायच्या, गाळायच्या. फडकं जांभळं होतं ते कायमचं. आजीचं फडकं आईकडे आलं, आईचं माझ्याकडे. कोकणात द्राक्षाची वाइन कुठून येणार? म्हणून किद्दुशसाठी, सब्बाथच्या सुरुवातीच्या आशीर्वादाच्या पेल्यासाठी, आम्ही बेने इस्रायली हे मनुकांचं सरबत करतो. आता वाइन दुकानात मिळते, तरी सरबतच करते. पिळताना हात भरलेले असतात, फोन घेता येत नाही, तिथूनच माझा सब्बाथ सुरू होतो.

सूर्यास्ताआधी दिवे लावायचे. मग फोन कोठीच्या खोलीत, रिकाम्या पिठाच्या डब्यात.

*

लोक विचारतात, सब्बाथला विश्रांती ना, मग पुस्तक उचललं तर चालतं आणि दिव्याचं बटण दाबलं तर का चालत नाही? बटणाला काय कष्ट पडतात?

कष्टाचा प्रश्न नाही हो. मिश्नेत, म्हणजे तालमूदमधल्या मूळ नियमसंग्रहात, ३९ कामांची यादी आहे : नांगरणं, पेरणं, दळणं, मळणं, शिवणं, गाठ मारणं, पेटवणं, विझवणं, लिहिणं, खोडणं. या सगळ्या कामांनी माणूस जगात काहीतरी बदलतो. सातव्या दिवशी बदलणं थांबवायचं, जग आहे तसं राहू द्यायचं. लिहिण्याचं माप दोन अक्षरं. दोन अक्षरं लिहिली की काम झालं. ‘ओके’ दोन अक्षरी आहे.

फोन बंद ठेवल्याने डोळ्यांना आराम मिळतो, झोप चांगली लागते, हे सगळं खरं. पण त्यासाठी मी फोन ठेवत नाही. पंचवीस तास कुणाचंही काही दुरुस्त करायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही, कुठलीही रांग पुढे सरकवायची नाही. पहिले दोन-तीन तास हात सारखा डब्याकडे जातो. शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला काहीतरी सैल होतं. खिडकीतून समोरच्या सोनमोहराकडे बघत बसले तर अपराधी वाटत नाही.

*

आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले, सात जोडपी वाचली, ही कथा प्रत्येक बेने इस्रायली घरात सांगितली जाते. नंतर शतकानुशतकं अलिबाग, पेण, रोहा या भागात तेलाचे घाणे. गावाने नाव दिलं ‘शनिवार तेली’. सोमवारी महादेवाचा वार पाळून घाणा बंद ठेवायचे ते सोमवार तेली, आमचे शनिवारचे. हिब्रू जवळजवळ विसरलेली, ग्रंथ नाहीत, रब्बी नाहीत. शेमाची प्रार्थना, सुंता, खाण्याचे काही नियम आणि शनिवारचा बंद घाणा, एवढ्यावर ओळख टिकली.

दुसऱ्यांना आपण काय करतो त्यावरून नावं मिळाली : सुतार, लोहार, सोनार. आम्हांला नाव मिळालं ते एका दिवशी काय करत नव्हतो त्यावरून. आठवड्यातला एक दिवस कमाई सोडून द्यायची, तीही गरीब तेल्याने.

आणि घाण्याचा बैलही सुटा. दहा आज्ञांमध्ये सब्बाथच्या आज्ञेत चाकर येतो, जनावर येतं, वेशीच्या आतला परका येतो. माझी सुट्टी म्हणून तुझी दुप्पट ड्यूटी, हे तिथे बसत नाही. रविवारी रात्री पावसात बिर्याणी मागवणाऱ्याने हे वाचावं. मीही मागवली आहे.

*

आजी योम किप्पूरला ‘दारफाळणीचा सण’ म्हणायची. दारं लावून घ्यायची, दिवसभर उपास, बाहेरच्या कुणाशी बोलणंही नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण : दारं उघडायची, दानधर्म करायचा, भेटीगाठी घ्यायच्या. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण. कोकणात राहून ठेवलेली ही नावं आता नव्या मुलांना ठाऊक नाहीत. ती हिब्रू नावं घेतात, नीट उच्चारात. त्यांचं चूक नाही. पण ‘दारफाळणी’ या एका शब्दात मला जे कळलं ते चार व्याख्यानांत कळलं नसतं. दार लावायचंही आणि उघडायचंही, आणि दोन्हींचा दिवस ठरलेला.

*

जीव वाचवायचा असेल तर सब्बाथ मोडायचा. मोडता येतो असं नाही, मोडलाच पाहिजे. आणि तालमूद सांगतं की हे काम मुलांवर किंवा परधर्मीयांवर ढकलू नये, समाजातल्या मोठ्यांनी स्वतः करावं. म्हणजे बघणाऱ्याच्या मनात शंका राहत नाही. मागच्या पावसाळ्यात शनिवारी शेजारच्या आजोबांना छातीत कळ आली. मी डबा उघडला, फोन लावला, रिक्षात बसले. संध्याकाळी परत आल्यावर मनात काडीचा किंतु नव्हता.

*

चौकशीचा फोन. पलीकडच्या बाई : “तुमच्या मजल्यावरचा मुलगा आम्हांला स्थळ म्हणून आलाय. कसा आहे हो? मोकळेपणाने सांगा.”

लाशोन हारा, म्हणजे वाईट जीभ. हिब्रूत हा शब्द खोट्या निंदेसाठी नाही, त्याला वेगळा शब्द आहे. लाशोन हारा म्हणजे खरी असलेली, पण दुसऱ्याला खाली आणणारी गोष्ट. “मी काही खोटं सांगत नाहीये” हा आपला सगळ्यात आवडता बचाव, आणि तो इथे चालत नाही. ऐकणाराही दोषी. आणि मूळ दोषाच्या भोवती त्याची ‘धूळ’ : एखाद्याची स्तुती त्याच्या वैऱ्यासमोर करायची, म्हणजे वैरी आपण होऊन बाकीचं बोलेल. कुठल्याही कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही धूळ रोज उडते. फॉरवर्ड केलं, आपण काही लिहिलं नाही!

पण मुलीचं आयुष्य पणाला लागलेलं असताना गप्प बसणं हेही पाप. आजच्या बेलारूसमधल्या रादीनचे रब्बी इस्रायल मेईर कागन यांनी १८७३ साली फक्त बोलण्याच्या नियमांवर ‘हाफेत्स हाईम’ हा ग्रंथ लिहिला. पुढे लोक त्यांनाच त्या नावाने ओळखू लागले. चौकशीला उत्तर कसं द्यावं याचा त्यांनी खल केला आहे. स्वतः पाहिलं आहे का, की ऐकीव? नीट खात्री केली का? वाढवून तर सांगत नाही ना? मनात जुना राग आहे का? दुसऱ्या कुठल्या मार्गाने काम होईल का? माझ्या बोलण्याने त्याचं जेवढ्यास तेवढं नुकसान होईल की जास्त?

मी फोन कानाशी धरून ही यादी मनात चालवली. मुलगा रात्री उशिरा येतो हे मी पाहिलं होतं. पितो हे ऐकलं होतं. पार्किंगवरून त्याच्या वडिलांशी माझं वाजलं होतं. पहिलं सांगायला हरकत नव्हती, पण तिसऱ्यामुळे मला पहिल्याचीही खात्री वाटेना. मी म्हटलं, “माझा त्यांच्याशी थोडा वाद झालेला आहे, त्यामुळे मला विचारू नका. तो जिथे काम करतो तिथे विचारा.” बाई नाराज झाल्या असाव्यात. पण फोन ठेवल्यावर मला नीट झोप लागली.

*

विकत घ्यायचं नसेल तर दुकानदाराला भाव विचारू नये. मिश्नेतला नियम. त्याची आशा लागते, तो गठ्ठे उघडतो, आणि आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. मनात होतं की नव्हतं हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही, म्हणून हा दोष देवाच्या हवाली. शोरूममध्ये अर्धा तास मिक्सर चालवून बघायचा आणि बाहेर रिक्षातून मोबाइलवर दोनशे रुपयांनी स्वस्त मागवायचा, या व्यवहाराला आपल्याकडे हुशारी म्हणतात.

*

त्याच मिश्नेत पुढे : पश्चात्ताप झालेल्याला त्याचं मागचं काढून दाखवू नये, आणि धर्म स्वीकारलेल्यांच्या मुलांना त्यांच्या पूर्वजांवरून बोलू नये. वंश काढणं ही शब्दांनी केलेली फसवणूकच समजली आहे.

१९६२ साली इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायली वधूवरांच्या आईवडिलांची, त्यांच्याही मागच्या पिढ्यांची चौकशी करायला सांगितली. ज्या देशासाठी घरंदारं, घाणे, कबरी सोडून माणसं गेली, तिथे लग्नाच्या दारात त्यांना विचारलं, तुम्ही ज्यू कशावरून? जेरुसलेमच्या रस्त्यावर बायाबापड्या मराठीत रडल्या, धरणं धरून बसल्या. १९६४ साली ते मिटलं. मला या गोष्टीचा आजही त्रास होतो, आणि तो लपवायची इच्छा नाही. ज्या पुस्तकांवर मी प्रेम करते त्यांचे रखवालदारच पुस्तक विसरले. आमच्या लोकांकडे त्यांना सांगायला जो आधार होता तो त्याच पुस्तकात होता.

*

“जेवूनच जा.” दुपारी तीन वाजता, समोरचा जेवून आलाय हे पक्कं माहीत असताना. तालमूद याला मनाची चोरी म्हणतं, ‘गनेवात दाआत’. तो जेवणार नाही हे ठाऊक असताना आग्रह केला तर आपण काही न देता त्याच्याकडून आभार उकळतो. पाहुण्यासाठी म्हणून पिंप उघडल्याचं भासवायचं आणि ते मुळात विक्रीसाठीच उघडायचं होतं, हेही त्याच सदरात.

मी पुष्कळ दिवस याच्याशी झगडले. आग्रह हा आपला जीव की प्राण. घरी आलेल्याला नुसतं “बरं, या” म्हणायचं तर जीभ रेटत नाही. आता मी वेगळं करते : खरोखर केलेलं असेल तर ताट वाढून समोर ठेवते, नसेल तर चहा टाकते आणि जेवणाचा विषय काढत नाही. धाकटी बहीण म्हणते, ताई कोरडी झाली.

*

रोजंदारीवरच्या माणसाचा पैसा त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत. तोरा कारणही सांगते : तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशाकडे लागलेला असतो. मिश्नेत त्याची वेळापत्रकं : दिवसा राबलेल्याला रात्र संपायच्या आत, रात्री राबलेल्याला पुढचा दिवस संपायच्या आत. मालकाकडे पैसा नसेल किंवा कामगाराने मागितलेच नाहीत तर दोष लागत नाही.

हे शेवटचं कलम मला खुपतं. नोकरीत मी किती वर्षं किती लहान पुरवठादारांची बिलं टेबलावर पडलेली बघितली. आपल्याकडे लहान उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा २००६ पासून आहे, आणि तरी ते मागत नाहीत, कारण मागितले तर पुढची ऑर्डर जाईल. पडलेल्या आवाजात फोन यायचे : “मॅडम, काही झालं का?” मी म्हणायचे, सही व्हायची आहे. ती सही माझी नव्हती, हे खरं. पण फाइल वरच्याच्या टेबलावर नेऊन ठेवायची की सोमवारपर्यंत थांबायचं, हे माझ्या हातात होतं, आणि पुष्कळ शुक्रवारी मी दिवे लावायला घरी लवकर निघाले आणि फाइल तिथेच राहिली.

*

दानाच्या आठ पायऱ्या रांबामने लावून दिल्या आहेत. खालची पायरी, कुरकुरत देणं. मधल्या पायऱ्यांवर मुख्यतः कोण कुणाला ओळखतं याचा विचार : देणाऱ्याला घेणारा कळू नये, घेणाऱ्याला देणारा. जेरुसलेमच्या जुन्या मंदिरात यासाठी एक गुपचूप दालनच होतं. देणारे गुपचूप ठेवून जात, चांगल्या घरातले गरीब गुपचूप उचलून नेत. सगळ्यात वरच्या पायरीवर दान नाहीच, तिथे कर्ज, भागीदारी किंवा काम : पुन्हा हात पसरावा लागू नये असं काहीतरी.

आणि दानावर जगणाऱ्यानेही थोडं दान द्यायचं. हा नियम ऐकून आमच्या सिनेगॉगमधल्या एका तरुणाने विचारलं, त्याच्यावर अजून ओझं कशाला? मला वाटतं, देता येणं हाही माणसाचा हक्क आहे, आणि गरिबीने पहिल्यांदा तोच हिरावला जातो.

*

तेलाच्या दिव्यावर झाकण घालू नये, तेल उगाच जास्त जळतं. तालमूदमध्ये ही नासाडीच्या मनाईत मोडणारी गोष्ट आहे. मूळ आज्ञा युद्धातली : शहराला वेढा घातला तरी फळझाडं तोडू नका. झाडापासून दिव्याच्या वातीपर्यंत रब्बींनी ती ओढत आणली. आमचे घाण्याचे लोक हे वाचू शकले असते तर त्यांना पहिल्या वाक्यातच पटलं असतं.

*

बाबांचा शेवटचा आठवडा. वय ८७, फुप्फुसात पाणी. आयसीयूच्या बाहेर कागद पुढे आला : नळी घालायची का? भाऊ इस्रायलमध्ये, अश्दोदला, फोनवर. तो म्हणाला, “सगळं करा.” मग बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “तुला काय वाटतं?”

सोळाव्या शतकात क्राकोवचे रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी लिहून ठेवलं आहे : मरणाऱ्याचं मरण घाईने आणू नये, त्याची उशी काढून घेऊ नये, त्याला हलवूही नये. पण बाहेर कुणी लाकडं फोडत असेल आणि त्या आवाजाने जीव अडकून पडला असेल, तर तो आवाज थांबवायला हरकत नाही. मारणं नाही आणि अडवणंही नाही. दोन्हींच्या मधे एक अरुंद वाट, आणि ती त्यांनी लाकूडतोड्याच्या आवाजाने दाखवली.

त्याहून जुनी गोष्ट तालमूदमध्ये आहे. रब्बी यहूदा, ज्यांनी मिश्ना संकलित केली, ते आजारी. शिष्य अखंड प्रार्थना करताहेत, त्यामुळे प्राण जात नाही. घरातली दासी आधी त्यांच्या आयुष्यासाठीच प्रार्थना करते. मग त्यांचे हाल बघते, गच्चीवर चढते आणि तिथून एक मडकं खाली फेकते. आवाजाने शिष्य क्षणभर थांबतात आणि तेवढ्यात रब्बी जातात. तालमूद तिला एका शब्दाने बोल लावत नाही. खोलीबाहेर बसलेल्या विद्वानांना जे दिसत नव्हतं ते अंग पुसणारीला दिसत होतं.

इस्रायलच्या संसदेने २००५ मध्ये मरणासन्न रुग्णांचा कायदा केला तेव्हा हीच अरुंद वाट यंत्रात बसवली. चालू व्हेंटिलेटर बंद करायचा नाही. पण तो टायमरवर लावता येतो आणि मुदत संपल्यावर पुन्हा सुरू न करण्याचा निर्णय घेता येतो. काहींना ही शब्दांची कसरत वाटते. आयसीयूच्या दारात उभी राहिलेली व्यक्ती तसं म्हणणार नाही. बंद करणाऱ्या बोटाला आयुष्यभर काय वाटत राहील, याचा विचार त्या कायद्यात आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वैद्यकीय इच्छापत्राला (‘लिव्हिंग विल’ला) मान्यता दिली. बाबांनी ते केलं नव्हतं, आणि आम्ही कधी विषय काढला नव्हता.

नळी घालायची नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. ऑक्सिजन, वेदनाशामक, पाण्याचे थेंब चालू. पण मला जे आठवतं ते त्यानंतरचं. मी दर पाच मिनिटांनी त्यांचा हात हलवत होते, “बाबा, डोळे उघडा ना. बाबा, मी आलेय.” ते कष्टाने पापणी उचलायचे. तिसऱ्या दिवशी पहाटे माझ्या लक्षात आलं की दाराबाहेरचा लाकूडतोड्या मीच आहे. मी हाक मारणं थांबवलं. त्यांच्या उजव्या हाताखाली माझा हात नुसता ठेवला, शेमा म्हटला, हळू, त्यांना ऐकू जाईल न जाईल एवढा. दुपारी ते गेले.

*

शिव्हाचे, म्हणजे सुतकाचे, सात दिवस. दफनानंतरचं पहिलं जेवण आपल्या घरचं खायचं नाही, दुसऱ्यांनी आणायचं. सिनेगॉगच्या बायकांनी उकडलेली अंडी आणली. समोरच्या कुळकर्णी-जोशांच्या घरांतून पिठलं-भात आला, कारण त्यांच्यातही मयताच्या घरी चूल पेटत नाही.

भेटायला येणाऱ्याने आधी बोलायचं नाही. घरचा माणूस बोलेपर्यंत थांबायचं. हे ज्यांना ठाऊक होतं ते आले, जमिनीवर बसले, गप्प राहिले. एक जुनी मैत्रीण पाऊण तास बसून एक शब्द न बोलता गेली. फोन उघडला तेव्हा त्यात शंभराच्या वर जोडलेले हात होते. वाईट मनाने कुणीच पाठवले नव्हते. पण मला आठवते ती पाऊण तास बसलेली.

*

कद्दीश, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. ठाण्यात, टेंभी नाक्याच्या १८७९ च्या आमच्या शआर हाशामाईममध्ये ते जमतात. कोकणातल्या कितीतरी सिनेगॉगमध्ये आता जमत नाहीत. माणसं अश्दोदला, लोदला, दिमोनाला गेली. भाऊ तिकडे म्हणत होता, इथे चुलतभाऊ पनवेलहून येऊन म्हणायचा, अकरा महिने. मी वरच्या सज्जात. मी दहांत मोजली जात नाही. काही ज्यू पंथ बायकांना मोजतात, आमचा नाही. एवढी मापं मला आवडतात, पण हे माप मला सलतं, आणि वडिलांना शेवटचा हात ज्या लेकीचा लागला तिला ते सलायचा अधिकार आहे असं मी मानते.

*

पेसाहच्या रात्री धाकट्याने चार प्रश्न विचारायचे, मोठ्यांनी मिसरमधून सुटकेची गोष्ट सांगायची. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे या रात्री वाचायची पोथी, छापली गेली, तेव्हापासून आम्ही ती आमच्या भाषेत वाचतो. मूल नसेल तर बायको विचारते. कुणीच नसेल तर माणसाने स्वतःलाच विचारायचं, असा तालमूदचा नियम आहे.

२०२० साली जग बंद होतं. इस्रायलमधल्या काही सेफार्दी रब्बींनी एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी झूमवर सेदेर, म्हणजे पेसाहच्या रात्रीचा हा विधी, करायला परवानगी दिली. मुख्य धर्मपीठाने नाकारली. दोन्ही बाजूंनी ग्रंथांचे ढीग. मी त्या वर्षी फोन डब्यातच ठेवला. तांदळाची भाकरी, मीठपाणी, कडू पाला आणि एक खुर्ची. ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का, असं मी मोठ्याने मराठीत विचारलं आणि माझाच आवाज ऐकून पहिल्यांदा दचकले. मग उत्तर द्यायला बसले. अर्धा तास लागला.

*

शुक्रवार, दुपारचे साडेतीन. कठड्यावर लोखंडी पाइपचं रेलिंग बसलं. सभेत शेवटी चोवीसपैकी एकोणीस जणांनी हात वर केले होते. वेल्डरने पाइपवर तांबडा प्रायमर मारला, हात रॉकेलने पुसले आणि माझ्याकडे बघितलं. सोसायटीचा चेक सोमवारी निघणार होता. मी माझ्या पर्समधून दिले. सोसायटीकडून मला सोमवारी मिळतील तेव्हा मिळतील. त्याने मोजले, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले.

“काकू, मोजून घ्या,” तो म्हणाला. टेप लावली. ४१ इंच.

“हलवून बघा.”

रंग ओला होता. साडीचा जुना तुकडा पाइपवर टाकून दोन्ही हात ठेवले आणि सगळा भार पुढे दिला. खाली मनुका भिजत होत्या.